सेहेचाळीस बाटल्या आणि एक डबा

थोरली : म्हणजे मी शेताची वाट लावली असती, तर तुझ्या बँकेने मला पैसे दिले असते?

बँकवाली : तसं नाही हो, मावशी.

थोरली : तसंच आहे. आत्ता तूच वाचून दाखवलंस. शेजारचा गिरणीवाला मागच्या वर्षापर्यंत धसकटं पेटवत होता, त्याला मिळणार. मी सेहेचाळीस वर्षांत शेतात एक काडी पेटवली नाही, मला मिळणार नाही.

धाकटी : अक्का, अजून वेळ गेलेली नाही. काडेपेटी आणू का?

बँकवाली : नको, नको! अहो, ऐका तरी. हा हिरवा फंड आहे. त्याचे नियम मी केलेले नाहीत.

धाकटी : पैशाला रंग कधीपासून आला गं? आमच्या वेळी पैसा असायचा किंवा नसायचा.

बँकवाली : मी पुन्हा सांगते. पाला, मुळं, शेण मातीत कुजतं आणि त्याचं काळं सत्त्व मातीत साठतं. त्याला आम्ही कर्ब म्हणतो. तो हवेत गेला की हवा तापते. मातीत राहिला की पीक चांगलं येतं. म्हणून मोठमोठ्या कंपन्या या फंडात पैसे घालतात आणि फंड ते शेतकऱ्याला देतो. पण देतो तो फरकाला. आज माती मोजायची, पाच वर्षांनी पुन्हा मोजायची. जेवढा फरक पडेल तेवढे पैसे.

थोरली : आणि माझ्या मातीत फरक पडणार नाही.

बँकवाली : सकाळी मी सात ठिकाणी भोक पाडून बघितलं. मावशी, अशी माती मी या भागात पाहिलेली नाही. हातात घेतली तर केकसारखी सुटते. पण म्हणूनच पंचाईत आहे. भरलेल्या घागरीत आणखी पाणी किती मावणार?

थोरली : म्हणजे वर्गात पहिली आले म्हणून नापास.

धाकटी : आणि गिरणीवाला शेवटून पहिला, म्हणून त्याला बक्षीस. काल तर म्हणे तो सगळ्यांना चहा पाजत फिरत होता. आयुष्यात पहिल्यांदा.

बँकवाली : तुम्ही दोघी माझी अशी चेष्टा करत राहिलात तर मला रडू येईल. खरंच सांगते, मला तुमचा अर्ज नाकारायला आवडत नाहीये.

थोरली : नाकारतेस तर नाकार, पोरी. तुझा काय दोष. फक्त शुक्रवारच्या आत लेखी दे. म्हणजे लेकाला दाखवायला बरं.

बँकवाली : शुक्रवारी काय आहे?

धाकटी : गोदाम आहे.

थोरली : माझा मुलगा शहरात असतो. त्याच्या ओळखीचा एक गोदामवाला आहे, त्याला आमचं शेत भाड्याने हवंय. सपाट करणार, वर सिमेंट ओतणार, पत्रे ठोकणार. मुलगा म्हणतो, आई, या वयात चिखलात पाय कशाला? दर महिन्याला भाडं येईल, घरात बस. वाईट नाही तो. काळजीनेच बोलतो. मी म्हटलं, बँकेची मुलगी येणार आहे, शेत स्वतःच्या पायावर उभं राहतंय का ते बघू. तो म्हणाला, बँकेने हो म्हटलं तर मी गोदामाचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही म्हटलं तर शुक्रवारी सही कर.

बँकवाली : आणि तुम्ही काय म्हणालात?

थोरली : बरं म्हणाले. आता शब्द दिलाय.

धाकटी : शब्द यांनी दिलाय. अर्धं शेत या धाकट्या जावेच्या नावावर आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही. मी पुतण्याला सांगून टाकलंय, जिथे अक्कांची सही तिथे माझी. त्यांनी नाही केली, तर माझाही अंगठा दुखतो.

थोरली : अंगठा कशाला? तुला सही येते.

धाकटी : येते. पण दुखायला अंगठा बरा.

बँकवाली : थांबा. एक मिनिट थांबा. या अर्जात एक सतरावा रकाना आहे. सहा वर्षं ही नोकरी करतेय, तो कुणी भरलेला मी पाहिलेला नाही. त्यात म्हटलंय, शेतकऱ्याने आधीपासूनच माती सुधारली असेल आणि आधीची माती कशी होती याचा पुरावा असेल, तर तो फरकही धरता येईल.

थोरली : आहे की पुरावा. मी सांगते ना. आधी नुसती राख होती राख. पाऊस पडला की वाहून जायची आणि ऊन पडलं की उडून जायची.

बँकवाली : आठवण चालत नाही हो, मावशी.

थोरली : का चालत नाही? माझी आठवण चालते. तू पहिल्यांदा आलीस तो मंगळवार होता. पिशवी डाव्या खांद्यावर होती, छत्रीची एक काडी मोडलेली होती आणि बुटाला दोन रंगांच्या नाड्या होत्या.

बँकवाली : अगंबाई! घाईत निघाले होते त्या दिवशी.

धाकटी : यांच्यासमोर काही करू नये बाई. मी लग्नात उखाणा विसरले होते, ते या मला अजून महिन्यातून एकदा सांगतात.

थोरली : विसरली नव्हतीस. चुकीच्या माणसाचं नाव घेणार होतीस, जीभ चावलीस.

धाकटी : बघ! बघितलंस?

बँकवाली : चालली असती तर मी तुमची आठवण शिक्का मारून पाठवली असती. पण तिथे मातीच लागते. तेव्हाची खरी माती. तारीख घातलेली, कोरडी, बंद ठेवलेली. आता सेहेचाळीस वर्षांपूर्वीची माती कोण ठेवतं?

धाकटी : अक्का.

थोरली : काय?

धाकटी : ती विचारतेय, कोण ठेवतं. सांगा ना. आता का लाजता?

बँकवाली : म्हणजे?

धाकटी : लग्नात मुली काय आणतात? भांडी आणतात, गादी आणतात, जमलं तर कपाट. आमच्या अक्कांनी काय आणलं विचार. चार डझन औषधाच्या रिकाम्या बाटल्या! मी या घरात आले तेव्हा सासूबाई मला कानात म्हणाल्या, थोरली हुशार आहे हो, पण थोडी तशी आहे.

थोरली : माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. बाटल्या बाद झाल्या होत्या, त्यांनी धुऊन उकळून दिल्या. घरात उपयोगी पडतील म्हणाले.

बँकवाली : आणि त्यात तुम्ही माती...

थोरली : दरवर्षी एक मूठ. पेरणीच्या आधी, वरच्या बांधापासून दहा पावलं आत, एकाच जागेची. सावलीत वर्तमानपत्रावर आठ दिवस वाळवायची, मग भरायची, बूच, बुचावर मेण. वडील सांगायचे, बाटलीत काही असेल तर वर लेबल हवं, आणि लेबल असेल तर तारीख हवी. नाहीतर ते औषध नव्हे.

बँकवाली : सेहेचाळीस वर्षं? एकही वर्ष चुकलं नाही?

धाकटी : चुकतंय कसलं! माझं पोर होऊ घातलं होतं, मी इकडे ओरडतेय आणि अक्का वर्तमानपत्रावर माती पसरतायत.

थोरली : सुईण आलेली होती. मी काय करणार होते?

बँकवाली : कुठे आहेत? आत्ता आहेत? मला दाखवा. उठा ना!

थोरली : कोठीच्या फळीवर. पण सगळ्या नाहीत. म्हणजे भरलेल्या सगळ्या आहेत. अठ्ठेचाळीस आणल्या होत्या, सेहेचाळीस भरल्या, दोन रिकाम्या उरायला हव्यात. एकच सापडते. कितीदा शोधली मी.

धाकटी : उंदराने नेली असेल.

थोरली : उंदराला बाटली कशाला हवी?

धाकटी : मला काय माहीत? त्याचे वडीलही कंपाउंडर असतील.

थोरली : हसते माझ्या बाटल्यांना. पोरी, हिचा डबा विचार हिला. पत्र्याचा गोळ्यांचा डबा आहे एक, ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी. कुणाला हात लावू देत नाही. ज्या वर्षी पुराचं पाणी घरात शिरलं, त्या वर्षी ही सगळ्यात आधी डबा घेऊन बाहेर पळाली. नवरा आत राहिला.

धाकटी : त्यांना पोहता येत होतं.

थोरली : हिच्या सुनेने दोनदा हलवून पाहिलाय. वाजत नाही म्हणते, म्हणजे नोटाच असणार.

धाकटी : म्हणूनच तर सून वेळेवर जेवायला वाढते. तिची आशा कशाला मोडायची? चला, बाटल्या उतरवा. मी खालून धरते. जपून, स्टूल हलतंय.

(तिघी कोठीतून बाटल्या आणून खिडकीच्या लांब कट्ट्यावर उजेडात ओळीने मांडतात.)

बँकवाली : थांबा, एकेक नीट बघायलाच हवी.

धाकटी : मग बस जरा. चहा टाकते.

बँकवाली : नको, चहा नको. मावशी, हे बघा ना! ही दुसरी, तिसरी वाळलेल्या चिखलासारखी. मग हळूहळू चहाच्या चोथ्यासारखी. इथे, पंचविसावीपासून पुढे, भिजलेल्या खोडासारखी. आणि ही यंदाची तर... हे माझं रंगांचं पुस्तक आहे. यातल्या पट्टीशी माती लावून बघतो आम्ही.

धाकटी : घराला रंग देणारा आणतो तसलंच आहे की. अक्का, हा रंग ओट्याला बरा दिसेल.

बँकवाली : यात शेवटून दुसरा रंग लागतोय यंदाच्या बाटलीला! तुम्ही केलंत काय एवढं?

थोरली : काही नाही. उघडं ठेवलं नाही कधी. पीक काढलं की चवळी टाकायची, चवळी झाली की पाला पसरायचा. नांगर खोल घातला नाही. आमच्या झाडांचा पाला पुरायचा नाही, म्हणून रस्ता झाडणाऱ्या बायकांना सांगून ठेवलं होतं. त्या पोती भरून ठेवायच्या, आम्ही सायकलवर आणायचो.

धाकटी : आम्ही म्हणजे मी. या सायकल धरायच्या, पोतं मी चढवायची. गावातली पोरं मागून ओरडायची, कचरेवाल्या आल्या, कचरेवाल्या आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि या? या त्यांना विचारायच्या, तुमच्या अंगणात पाला आहे का रे?

बँकवाली : आणि बाटल्या कशासाठी? तेव्हा तर कुठला फंड नव्हता.

थोरली : पैजेसाठी.

बँकवाली : कुणाशी पैज?

थोरली : आमच्या यांच्याशी. लग्न होऊन आले, शेत बघायला गेले. यांनी मूठभर माती उचलून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, बघ, नशिबात ही राख आहे, हिच्यात काय उगवणार? मी म्हटलं, काळी करून दाखवते. म्हणाले, झाली तर आठ दिवस भांडी मी घासेन. मी म्हटलं, तुम्ही नंतर म्हणाल की आधीपासूनच काळी होती. पुरावा हवा. म्हणून तीच मूठ बाटलीत भरली. ती पहिली. बाकीच्या सगळ्या मी भरल्या. पहिली मूठ त्यांनी खणलेली.

बँकवाली : आणि पैज?

धाकटी : चौदाव्या वर्षी हरले भाऊजी. आठ दिवस भांडी घासली, दार लावून, कुणी बघू नये म्हणून. आणि अक्कांनी नवव्या दिवशी सगळी पुन्हा घासून घेतली.

थोरली : तेलकट राहिली होती.

बँकवाली : सतरावा रकाना भरायला मला आज पेन पुरणार नाही. थांबा, क्रमाने लिहिते. पहिलीच सगळ्यात महत्त्वाची. तुम्ही काहीही करायच्या आधीची तीच एक आहे. बाटली एक, तारीख... अक्षर किती सुंदर आहे! मेण शाबूत. रंग... मावशी?

थोरली : काय गं?

बँकवाली : ही बाटली पहिलीच ना?

थोरली : लेबलावर लिहिलंय की.

बँकवाली : ही काळी आहे.

थोरली : चष्मा पूस तुझा.

बँकवाली : पुसला. बघा ना उजेडात धरून. दुसरी फिकट, तिसरी फिकट, दहावीपर्यंत सगळ्या फिकट. आणि पहिली मात्र... विसावीइतकी गडद. ओळीत एकटीच वेगळी दिसतेय.

थोरली : दे इकडे. हे गेल्यापासून मी हिला हात लावला नाही, आणि कोठीत अंधार असतो, माझ्या कधी लक्षात नाही आलं. पण ही... ही नव्हे. पहिल्या बाटलीला पट्टी होती.

बँकवाली : कसली पट्टी?

थोरली : मात्रेची. पूर्वी पातळ औषध बाटलीत द्यायचे तेव्हा बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचे. कडेला खाचा कापलेल्या. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. बाकी बाटल्यांच्या पट्ट्या वडिलांनी धुताना काढल्या, एकीची राहून गेली. सहा मात्रांची. ती मी मुद्दाम पहिली म्हणून घेतली. हिला पट्टी कुठे आहे?

धाकटी : पट्टीबिट्टी काही नव्हती, अक्का.

थोरली : होती.

धाकटी : असती तर मला दिसली नसती? वर्षातून दोनदा मीच पुसते फळी. नव्हती.

बँकवाली : मावशी, सेहेचाळीस वर्षं झाली. एखादी गोष्ट इकडची तिकडे होते डोक्यात. पण मला एक सांगायला हवं. प्रयोगशाळा या बाटल्या तपासणार. आणि त्यांचा नियम कडक आहे. ओळीतला एक नमुना जरी भलता निघाला तर अख्खी ओळ बाद करतात. आणि पहिली अशीच खरी मानली तर ते म्हणतील, शेत आधीपासूनच चांगलं होतं.

थोरली : हं.

बँकवाली : बसा, मावशी. पाणी देऊ?

थोरली : नको. विचार करतेय. पट्टी नव्हती म्हणते ही. आणि माती काळी आहे, ती तर डोळ्यासमोर आहे. मग राखेची गोष्ट मी आणली कुठून? सगळ्यांना सांगत आले मी. मनानेच रचली असेल का?

धाकटी : असं काय बोलता?

थोरली : का? गेल्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून विसरले, पातेलं जळून कोळसा झालं. मुलगा फोनवर म्हणालाच, आई, आता तुझं वय झालं. मी म्हटलं, दूध मी ठेवलंच नव्हतं. त्याला वाटलं, बघा, ठेवलं तेही विसरली. त्याचं खरं असेल. शेत चांगलंच असेल पहिल्यापासून. मी आपली उगीच पाला वाहत बसले जन्मभर. पोरी, कागद आवर तुझे. शुक्रवारी मी सही करते.

धाकटी : अक्का, गप्प बसा.

थोरली : काय म्हणालीस?

धाकटी : गप्प बसा म्हणाले. पट्टी होती.

बँकवाली : अहो, आत्ता तर तुम्ही...

धाकटी : होती. सहा मात्रांची. खालचा कोपरा थोडा सुटलेला होता. आणि आता कबूल करायचंच आहे तर दूधही मीच ठेवलं होतं.

थोरली : दूध तू ठेवलं होतंस?

धाकटी : शेजारणीशी बोलत उभी राहिले. परत येते तर तुम्ही फोनवर बोलणी खात होतात. मध्ये कशी पडू?

थोरली : दुधाचं नंतर बघते तुझ्याकडे. बाटलीचं सांग.

धाकटी : फुटली. माझ्या हातून. एकोणतीस वर्षं झाली. भाऊजींना जाऊन महिनाही झाला नव्हता. तुम्ही पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. जेवत नव्हता, बोलत नव्हता. मला वाटलं, कोठीला चुना तरी लावून घ्यावा, उठतील तेव्हा स्वच्छ दिसेल. फळीला धक्का लागला. तेव्हा सतरा बाटल्या होत्या. पडायची तर नववी पडावी, बारावी पडावी. नाही! पहिलीच पडली. भाऊजींच्या हातची.

थोरली : मला आवाज आला होता. मांजर असेल म्हणाले.

धाकटी : मी म्याव केलं होतं.

बँकवाली : काय?

धाकटी : हसू नकोस गं. भीतीने केलं. मग लेबल वाफेवर सोडवलं, तुमच्या रिकाम्यांतली एक बाटली घेतली, खळीने लेबल चिकटवलं, मेण लावलं. माती न्हाणीमागच्या केळीच्या बुंध्यातली. रात्रभर चुलीशी वाळवली.

थोरली : केळीच्या बुंध्यातली! तिथे साबणाचं पाणी जायचं सगळं.

धाकटी : हो ना. मला रोज वाटायचं, आज फेसाळते की उद्या.

थोरली : निदान फिकट तरी बघून घ्यायचीस.

धाकटी : पहिल्यांदाच खोटेपणा करत होते, अक्का. सवय नव्हती.

थोरली : आणि खरी माती? झाडून टाकलीस?

धाकटी : कशी टाकेन?

थोरली : डबा.

धाकटी : डबा.

थोरली : एकोणतीस वर्षं?

धाकटी : अर्धी चुन्याच्या बादलीत गेली होती. कोरडी राहिली तेवढी मूठभर उचलली. काचेचा चुरा मिसळलेला, म्हणून परत बाटलीत भरता आली नाही. तुम्ही उठल्यावर ती बाटली हातात घेऊन बसाल, असं मला वाटलं होतं. काच चमकली असती. आणि चाळायला बसले, तर चाळणी हातात धरवेना. भाऊजींनी दिलेली मूठ ती, तिच्यातून मी काय वेगळं काढणार? मग नंतर सांगेन, नंतर सांगेन करत राहिले. आजही म्हटलं, मरेपर्यंत निभेल. आणते थांबा.

बँकवाली : मावशी, तुम्ही रडताय?

थोरली : म्याव केलं म्हणे. आणि मला वाटलं मांजर. उठून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

धाकटी : हा घ्या. झाकण गंजलंय, जरा जोर लाव तू. हळू!

बँकवाली : निघालं. अरे... राख. अगदी राख आहे, मावशी! आणि या काचा. हा मोठा तुकडा, याला कागद चिकटलाय.

थोरली : खाचा मोज.

बँकवाली : एक, दोन, तीन... चार. पुढे तुटलाय.

थोरली : सहा होत्या.

बँकवाली : सहाच होत्या, मावशी. मी लिहिते, सहाच होत्या.

धाकटी : मग झालं तर. आता असं कर, ही माती घाल बाटलीत, केळीची टाक खिडकीतून, आणि तुझा रकाना भर. तू, मी आणि अक्का. कुणाला कळणार आहे?

थोरली : तुझं एकदा झालं ना करून? पुरे. माझ्या वडिलांच्या बाटलीत लेबलावर जे लिहिलंय तेच असतं. पोरी, जसं घडलं तसं लिही.

बँकवाली : मांजरासकट?

थोरली : मांजर राहू दे. बाकी सगळं.

बँकवाली : लिहिते. बाटली फुटली, कधी, कुणाच्या हातून. माती कशात ठेवली, किती वर्षं, कुणी. काचेचा तुकडा सोबत जोडला. केळीची बाटलीही पाठवते, वेगळी, वर स्पष्ट लिहून. मंजूर होईलच असं वचन मी देणार नाही. ओळ बाद करायचा नियम आहेच. पण मी स्वतः घेऊन जाईन आणि समोर बसून सांगेन. उत्तर यायला तीन आठवडे लागतील.

थोरली : आणि शुक्रवार?

धाकटी : शुक्रवारी माझा अंगठा दुखणार आहे. तीन आठवडे तरी बरा होणार नाही. वाटलं तर फडकं बांधून बसते.

बँकवाली : साक्षीदार म्हणून सही मात्र तुम्हाला आत्ता करावी लागेल, धाकट्या मावशी. इथे. नमुना सांभाळणाऱ्या व्यक्तीची.

धाकटी : अक्का, करू?

थोरली : कर. पण आठ दिवस भांडी तू घासायचीस.

धाकटी : आणि नवव्या दिवशी तुम्ही पुन्हा घासणार.

थोरली : ते बघू. पोरी, प्रयोगशाळेला माती किती लागते?

बँकवाली : दोन चमचे पुरेत. उरलेली मी तुमच्या त्या रिकाम्या बाटलीत भरून देते. नवं लेबल तुम्ही लिहा.

थोरली : नको. ती बाटली पुढच्या वर्षाच्या मातीला लागेल. उरलेली धाकटीच्या डब्यातच राहू दे. बरी राहिली तिथे.